दोन बोटं

सार्जंट गिलेस्पींनी बजावलं होतं:
परका असला तरी अधिकारी तो अधिकारीच.
खांद्यावरच्या चांदण्या मोजत बसू नका,
शंका आली की हात वर.
सलाम केल्यानं कुणाचा खांदा झिजत नाही.

लॉसीमथच्या धावपट्टीवर समुद्राचा वारा
मीठ चोळत होता गालांना.
रांगेत शेवटची मी, एल्स्पेथ,
वय चौदा,
नखांत अजून बुटांचं पॉलिश.

विमानातून उतरले ते पोलंडचे मेजर.
टोपीवर मुकुट घातलेला गरुड,
खांद्यावर दोन पट्ट्या, एक चांदणी.
आमच्या तक्त्यात असलं काही नव्हतं.

हात उचलला,
कोपर, मनगट, तळवा समोर,
सगळं पाठ केल्यासारखं,
आणि वाऱ्यानं टोपीच पळवली.

उघड्या डोक्यानं सलाम करायचा नाही.
हेही पाठ होतं.
हात अर्ध्यातच लटकला,
घरी न्यावा की पुढे, कळेना.

मेजरांची दोन बोटं
टोपीच्या कडेला टेकलेली.
(दोनच? उरलेली कुठे ठेवली यांनी?)
त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
मग गवतावरून घरंगळत निघालेल्या टोपीकडे,
आणि सावकाश
स्वतःचीही टोपी काढून काखेत धरली.

पांढरे, विरळ केस. वारा त्यांच्याही मागे लागला.
मान किंचित लववली त्यांनी.
मीही.

संध्याकाळी गिलेस्पी वही चाळत बसले होते.
"हे कुठल्या पानावर आहे?"
मी म्हटलं, "सर, माझी टोपी अजून सापडली नाही."