अकराची की तेराची

"आठवड्याला एकदा सुरू कर," बोटीवर जाताना निनाद म्हणाला होता,
"नुसती सुरू कर. बॅटरीपुरती.
चालवायची नाही."

बॅटरीपुरतीच नेत होते मी, भाट्याच्या पुलापर्यंत.
मग पावसपर्यंत.
त्या रविवारी हातखंब्याला. तिथे वळणावर
चिऱ्यांचा ट्रक, वर ताडपत्री नाही,
आणि सुपारीएवढा एक जांभा खडा
टक् करून लागला काचेला, बरोबर माझ्या नजरेसमोर.
काही नाही झालं. एक ठिपका.
घरी येईस्तोवर ठिपक्याला पाय फुटले,
सकाळी पाहते तर या कडेपासून त्या कडेपर्यंत
खाडी, तिच्या सगळ्या फाट्यांसकट.

मिरजोळ्याला होडेकरांच्या दुकानात
काचा उभ्या असतात वह्यांसारख्या, मध्ये पुठ्ठा आणि पेंढा.
बोलेरोच्या, ओम्नीच्या, टेम्पोच्या.
या लाल, दोन दारांच्या, गतिरोधक दिसला की पोट चोरणाऱ्या गाडीची
एकही नाही.
"मागवावी लागेल," ते म्हणाले. "पण कुठली?"

मला वाटत होतं, काच म्हणजे काच.

"एक येते वर हिरव्या पट्टीची. एक बिनपट्टीची.
एकीच्या पोटात पडदा असतो, आवाज अडवणारा.
असली गाडी घेऊन आवाज कोण अडवतो ते मला विचारू नका.
एकीला आरशामागे सेन्सर, थेंब पडला की वायपर आपोआप."
आपल्याकडे ते बिचारं आषाढातच राजीनामा देईल,
असं मनात आलं.
"आणि बारा सालाआधीची वेगळी, नंतरची वेगळी.
दिसायला जुळ्या. बाकात चार मिलिमीटरचा फरक."

"चार मिलिमीटरने काय होतं?"

"जुलैत कळतं."

मग ते वाकले. या गाडीशी बोलायचं तर वाकावंच लागतं.
काचेच्या खालच्या कोपऱ्यात तांदळाएवढी अक्षरं,
एक आकडा, आकड्याशेजारी ठिपके.
ओला फडका फिरवून त्यांनी वाचलं.
मग डाव्या दाराची काच वाचली. उजव्या दाराची. मागची.
पुन्हा पुढची.
"या तिन्ही अकराच्या. ही तेराची, कंपनीपण दुसरी.
ही एकदा बदललेली आहे, ताई."

गाडी निनादने घेतली बाराला, पुण्याच्या एका डॉक्टरकडून.
तेराच्या दिवाळीत ती वीस दिवस पुण्यात होती, सर्व्हिसिंगला.
आणि तेव्हापासून दर पावसाळ्यात
डावीकडचा गालिचा ओला,
मी वर्तमानपत्रं अंथरून टिपायचे,
आणि कुठल्यातरी बंदरातून फोनवर हा ओरडायचा,
"काच उघडी ठेवली होतीस ना?"
दहा वर्षं मी कबूल करत आले.
एवढ्या वेळा विचारल्यावर मलाही आठवायला लागलं होतं
की ठेवली असेल.

"तर मग कुठली सांगू?" होडेकर पेन घेऊन थांबले.
"होती तशी हवी तर तेराची.
गाडीला हवी ती अकराची."

अकराची सांगितली. हिरव्या पट्टीची,
पट्टी मला आवडली म्हणून.

बारा दिवसांनी आली. जुनी काढली तेव्हा खालच्या कडेला
गंजाची रेघ निघाली, त्या खड्याच्याच रंगाची.
होडेकरांनी ती घासली, रंगाचा हात दिला, काळ्या गोंदाची वात ओढली
न थांबता, चकली पाडावी तशी,
आणि दोघांनी मिळून काच टेकवली.
कुठे दाबावं लागलं नाही. बसली.
"चोवीस तास दार आपटायचं नाही," ते म्हणाले.
"आणि बाजूची काच थोडी खाली असू दे,
आतल्या हवेला वाट हवी."

रात्री निनादचा फोन. रेंज येत-जात, मागे इंजिनाची घरघर.
आई कशी आहे, बिल भरलं का,
गाडी सुरू केलीस ना, नुसती सुरू,
आणि मग, सवयीने,
"काच उघडी नाही ना ठेवलीस?"

"ठेवली आहे," मी म्हटलं.
"बोटभर."