चार फॉर्म

विश्रामबागच्या अभ्यासिकेत माझं टेबल सतरा नंबर,
पंख्याखाली येत नाही.
समोर सुहेल मुजावर. सिव्हिल. पास होऊन पाच वर्षं.

तो म्हणतो, गेट बरी, वय विचारत नाही.
कृष्णेचा वेग दोन दशांशांपर्यंत काढायचा,
पडद्यावरच्या कॅल्क्युलेटरवर
माउसने एकेक आकडा टोचत.
आयईएसला नुसता आकडा पुरत नाही,
सूत्र कुठून आलं ते लिहा,
तेही तिशीच्या आत.
एमपीएससी तिच्या उपनद्या विचारेल,
आधी जाहिरात तरी येऊ दे.
आणि जेईला एवढंच, विसर्गाचं एकक कोणतं?
चुकलास की पाव गुण गेला.

मी वहीत रकाने पाडते :
फी, जागा, वय, केंद्र.
लग्न हा रकाना आईने फोनवरून जोडलाय.

ऑगस्टात एका रात्री त्याला मेसेज आला,
आयर्विन पुलाजवळ एकोणचाळीस फूट, चढतंय.
पेन उघडंच राहिलं.
मारुती रोडला त्याच्या अब्बांचं शिलाईचं दुकान.
सहा मशिनी आम्ही माळ्यावर चढवल्या,
कापडाचे तागे,
एका बाहीची शेरवानी.
जिन्यात थांबून तो पुटपुटत होता,
ताशी चार इंच, म्हणजे पहाटे साडेचार...
मागच्या पुराची रेघ
भिंतीवर त्याच्या खांद्याला लागत होती.
मी विचारलं, पर्याय काय काय आहेत?
तो हसला, मग एकदम गप्प.

पाणी चौकात येऊन थांबलं.
सोमवारी शेवटची तारीख होती.
दोघांनी चारही भरले.