सावलीवरून उंची

दिगूमामा विमानात कधी बसला नाही.
महाराजपूरच्या तळावर, लाल बल्बच्या खोलीत,
हायपोच्या वासात त्याचं युद्ध झालं.
दुपारी विमानं उतरत, रिळं येत,
आणि शत्रूची राजधानी
ट्रेमधल्या पाण्यात हळूहळू वर येई,
आधी नदी, मग पूल,
मग तेलाच्या टाक्या, औषधाच्या गोळ्यांसारख्या.

भिंग लावून तो सावल्या मोजायचा.
वेळ ठाऊक असली की सावलीवरून उंची निघते.
चिमणी, साठ फूट. पाण्याची टाकी, चाळीस.
एवढ्या वरून धूळ कुठली, माणूस कुठला,
कळत नाही, म्हणायचा.
धूळ पुसायला मऊ ब्रश होता.

टाक्यांना क्रमांक होते, पुलाला होता, वीजघराला होता.
टाक्यांमागच्या गल्लीतल्या एका गच्चीला नव्हता.
तिच्यावर दोन खाटा.
आठ दिवसांनी, एक.
त्यानंतरच्या फोटोत गच्ची नव्हती.
क्रमांक नव्हता, म्हणून अहवालात
ते घर पडलं नाही.
‘टाक्या निकामी’ एवढंच त्याने टाइप केलं,
कार्बन लावून, दोन प्रती,
आणि सायकल मारत शिंद्यांच्या छावणीत घरी आला.
खिडक्यांना काळा कागद. मामीने विचारलं,
आज काय काम होतं?
म्हणाला, धुणं.

पुढे कित्येक हिवाळे
मामी रजया उन्हात टाकायची आणि हा
काही न बोलता गच्चीवर जाऊन
घडी करून खाली आणायचा,
दमट असल्या तरी.
आम्ही हसायचो.

आता ऐंशी पार. परवा बाड्यावर टेंपोत बसला
आणि सांगू लागला: नदी ओलांडा, पुलानंतर डावीकडे,
टाक्यांच्या मागे तिसरी गल्ली.
टेंपोवाला म्हणाला, “बाबूजी, यहाँ नदी कहाँ, नाला है।”
मामा भडकला.
नदीच आहे. मी स्वतः धुतलीय.

भाडं देऊन मी त्याला उतरवलं.
गजकच्या दुकानापाशी उन्हात उभे राहिलो.
त्याची सावली माझ्या चपलांपर्यंत आली होती.
तिच्याकडे, मग मनगटावरच्या घड्याळाकडे,
पुन्हा तिच्याकडे बघितलं त्याने.
आणि माझा दंड घट्ट धरून विचारलं,
दुसऱ्या फोटोत एकच खाट होती ना?
म्हणजे सामान हलवत होते.
निघाले असतील.
उगीच कोण खाट हलवतं,
सांग ना.