येते

पहिल्यांदा नांदेडला गेले ती दोनच दिवसांची गोष्ट.
परतले तर सुंठीने पोट चाटून चाटून
रुपयाएवढी जागा गुलाबी केलेली,
आणि माझ्या उशीवर मुतून ठेवलेलं.
करमरकर बाई म्हणाल्या, राग काढला हो तुमच्यावर.
देऊन टाका कुणाला, सुंठीवाचून खोकला जाईल.
डॉक्टर झवेरी म्हणाले, राग नाही, भीती.
तुमच्या वासात आपला वास मिसळून
बघत असेल तुम्ही येता का.

तेव्हापासून मी जाण्याचा सराव करते.
चावी उचलते आणि मेथी निवडायला बसते.
चपला घालते आणि टीव्ही लावते.
माळ्यावरची बॅग पंधरा दिवस हॉलच्या मधोमध उघडी,
आता तिच्यात सुंठच झोपते,
बॅगेचा अर्थ पुसला जावा म्हणून.

मग दार ओढून घेते
आणि जिन्यात बसते.
चारकोप, सेक्टर आठ, चौथा मजला.
पहिल्या दिवशी एक मिनिट.
आतून येतो तो आवाज
मांजराचा वाटत नाही.
तीन मिनिटं. सात.
दूधवाला विचारतो, चावी राहिली का आत?
हो म्हणते. काय सांगणार?
वॉचमनने एकदा पाण्याची बाटली आणून दिली
आणि काही विचारलं नाही.

निघताना लाड नकोत, डॉक्टर म्हणाले होते,
निरोपाचा सोहळा नको.
गुपचूप निघावं. ते बरं असतं.

बरं असतं.
बाबा मस्कतला गेले तेव्हा मी साडेपाच वर्षांची.
मला झोपवून निघाले, रडेल म्हणून.
सकाळी त्यांना मोरीत शोधलं, गच्चीवर शोधलं,
गव्हाच्या पिंपात वाकून हाक मारली,
ती माझीच मला परत आली.
पुढे कित्येक महिने झोप आली की
उठून डोळ्यांना पाणी लावायचे.
घरचे म्हणत, काय ही सवय हिची.

म्हणून डॉक्टरांचं बाकी सगळं ऐकते, एवढं सोडून.
लाड करत नाही.
उंबऱ्याशी उकिडवी बसते, बोट पुढे करते, ती हुंगते.
येते, म्हणते.
एक मिनिटासाठी येते, चाळीस मिनिटांसाठीही येते,
सूर तोच.
आपल्याकडे जाते म्हणत नाहीत
हे किती बरं आहे.

यावेळी नऊ दिवस. इंदूरचं ऑडिट.
खुर्चीवर न धुतलेला गाऊन.
खाऊ अंड्यांच्या रिकाम्या ट्रेमध्ये, कागदाखाली लपवून,
म्हणजे पंजाला थोडं काम राहील.
तिसऱ्या मजल्यावरचा हुजेफा येतो, सकाळी सात, संध्याकाळी सात.
त्याच्या आईला दमा, म्हणून त्यांच्याकडे मांजर नाही.
अकरावी कॉमर्सचं पुस्तक आणतो
आणि जमिनीवर बसून तिला मोठ्याने वाचून दाखवतो.

दुसऱ्या दिवशी: आंटी, काही खाल्लं नाही.
तिसऱ्या दिवशी: गाऊनवर बसलीय.
पाचव्या दिवशी: आज मागणीचा नियम झाला. अर्धी वाटी खाल्ली.
दारापाशीच असते अजून,
पण पाय पोटाखाली घेऊन.

हॉटेलच्या आरशात काळ्या कुर्त्यावर
तिचे तीन केस दिसले, तांबूस.
झटकले नाहीत.
त्या रात्री मला झोप आली नाही.
बिनकामाची उठले, तोंड धुतलं,
डोळ्यांना पाणी लागलं तेव्हा कळलं.

दहाव्या दिवशी सकाळी घरी.
चावी हातात होती,
तरी बॅग टेकवून जिन्यात बसले,
चौथी पायरी, नेहमीची.
आत शांत.
पुस्तकाचं पान उलटल्याचा आवाज आला,
की भास असेल.

दूधवाला चढत आला. चावी राहिली का आत?
नाही, म्हटलं. आहे.
थोडं बसते.