चार-चार तासांनी

तुरीची रोपं काचेच्या खोलीत आहेत,
परभणीत, विद्यापीठाच्या मागच्या अंगाला,
जिथं डांबर संपतं आणि करडईचे वाफे सुरू होतात.
तीन दिवस या खोलीतला दिवा विझणार नाही.
जनरेटरात डिझेल भरलंय,
खिडकीला काळा कागद, कडांना चिकटपट्टी.
सूर्याला आत यायची मनाई.

माझं काम साधं.
सहा, दहा, दोन. सहा, दहा, दोन.
दर खेपेला तीन पानं खुडायची,
चांदीच्या कागदात गुंडाळायची,
वर वेळ लिहायची, नायट्रोजनमध्ये सोडायची.
पांढरी वाफ उसळते
आणि पान त्या क्षणी जे बोलत होतं
ते अर्ध्या शब्दात गोठतं.

पहिल्या दिवशी संध्याकाळी
दिवा डोक्यावर लख्ख,
तरी पानं मिटायला लागली.
अश्रोबा दारात उभा, झारी तशीच हातात.
"निखतबाई, उजेड हाय की.
मंग हिला कोन सांगितलं, दिस मावळला म्हून?"

कुणीच नाही, अश्रोबा.
तिच्या पेशीपेशीत दोन पाळ्या चालतात,
जिनिंगमध्ये चालतात तशा.
पहाटेची जनुकं कामावर येतात
आणि सांजेच्यांना दारातच अडवतात.
दिवसभरात दमतात, विरत जातात,
दारावरचा हात सैल पडतो,
मग सांजेची आत घुसतात
आणि रात्रभर तीच दार धरून बसतात.
ना भोंगा, ना मुकादम.
सूर्य येऊन काटा जुळवून देतो, एवढंच.
चावी आतूनच.
म्हणून तर उजाडायच्या आधीच
पान उन्हाची तयारी करून बसतं,
चूल पेटायच्या आधी कणीक मळून ठेवावी तसं.

अश्रोबानं झारी खाली ठेवली.
"मंग ते माझ्यात बी हाय.
एकवीस वर्सं कालव्याचं पाणी रातच्या दोनला धरलं.
आता रान लेकाकडं, मोटारीला बटन.
पर दोनला डोळा उघडतोच.
अंगणात जाऊन हुबा ऱ्हातो.
खोरं नसलं की हात कुठं ठिवावा, कळत न्हाई."

मला अम्मी आठवली.
ईद होऊन दहा दिवस झाले,
तरी साडेतीनला उठते, तवा चढवते,
तवा तापल्यावर तिच्या लक्षात येतं.
मग उतरवत नाही. एक भाकरी टाकतेच.

दुसऱ्या रात्री मी गजर लावला,
टेबलावर डोकं टेकलं, मिनिटभर.
जाग आली तेव्हा चार वाजून दहा मिनिटं.
जनरेटर घुरघुरत होता.
रोपं मिटलेली, दोनला असतील तशीच.
पानं खुडली असती,
कागदावर २ लिहिलं असतं,
त्याला लागतं तरी काय, एक वळण आणि एक शेपटी.
पेन टेकवलंही होतं.
त्या कागदावर अजून
निळा ठिपका आहे, पुढं काही नाही.

तीन महिन्यांनी आलेख आला.
उजाडायच्या आधी चढणारी, दुपारनंतर उतरणारी रेष,
सूर्य न बघता, रोज,
आणि रोज जराशी अलीकडे सरकत,
कारण तुरीचा स्वतःचा दिवस
आपल्या दिवसापेक्षा थोडा तोकडा निघाला.
ठिपके अठरा हवे होते. सतरा आहेत.
दुधगावकर मॅडमनी चष्मा कपाळावर सारला:
"इथं रेष जोडू नकोस. मोकळं राहू दे."

राहू दिलंय.
त्या जागी तूर काय बोलत होती, मला ठाऊक नाही.
त्या जागी माझ्या आतली रातपाळी
दार धरून बसली होती.

खोलीपासून हाकेच्या अंतरावर
अश्रोबा तेवढ्यात अंगणात आला असणार,
कालव्याकडं तोंड करून, रिकाम्या हातांनी.
त्याला हाक मारून ठेवायला हवी होती.