साल

अहवालात लिहिलंय : तीन अधिक तीन, सहा.
डॉक्टर ग्रासा यांनी पेनाचं टोक त्या सहावर टेकवून ठेवलं,
उचललं तर आकडा सरकेल, अशा बेताने.
"लवकर सापडलाय," म्हणाल्या. "नशीब समजा."
मी खिडकीतून खाली बघत होतो.
एव्होराच्या इस्पितळाच्या आवारात एक म्हातारा
संत्रं सोलत होता, एका सलग सालीत.

मी बुचाचे ओक सोलतो. एक्केचाळीस उन्हाळे झाले.
कुऱ्हाड सालीतून जावी
आणि आतल्या पातळ पदराला लागू नये.
त्या पदराला आम्ही आई म्हणतो.
आई दुखावली तर त्या जागी पुन्हा बूच धरत नाही.
हे हाताला कळतं. त्याआधी कानाला :
सुटायला राजी असलेली साल पोकळ वाजते,
नसलेली मुकी.
मग उघड्या बुंध्यावर पांढऱ्या रंगात
त्या सालाचा शेवटचा आकडा.
नऊ वर्षं त्या झाडाला कुणी हात लावायचा नाही,
मालक आला तरी.

काढून टाकायची.
नाहीतर किरण.
नाहीतर नुसतं लक्ष ठेवायचं, दर तीन महिन्यांनी रक्त,
वर्षाने पुन्हा त्या सुया.
"नसा वाचवायचा प्रयत्न करतो," सर्जन म्हणाला. पोरगेलासा होता.
मी त्याचे हात पाहिले, स्वच्छ, नखं कापलेली.
तू कुठे वाजवून बघतोस रे, विचारावंसं वाटलं.

झेफेरिनोने काढून टाकली.
आता रक्तात शून्य, बोटांचं वर्तुळ करून दाखवतो.
पण कॅफेत दाराजवळचीच खुर्ची धरतो
आणि विनोद संपायच्या आत उठतो.
अमादेऊने किरण घेतले, सदतीस दिवस,
अग्निशमनवाल्यांच्या गाडीतून जाऊन येऊन.
"आग विझवणारेच मला भाजायला नेत होते,"
हे तो प्रत्येकाला सांगतो. उरलेलं सांगत नाही.
ओरासिओने काहीच केलं नाही, लक्ष ठेवलंय.
ठणठणीत आहे.
फक्त निकालाच्या आठवड्यात ऑलिव्हची छाटणी काढतो,
ज्यांना गरज नाही त्यांचीही.

इदालिनाने वही घातली. दोन रकाने, पट्टीने आखलेले.
लघवी. थकवा. जेवण. एव्होराच्या खेपा. पैसे.
शेवटच्या ओळीत तिने नुसतं "आपलं" लिहिलं
आणि पुढे दोन्ही रकाने कोरे.
अडतीस वर्षांच्या संसारानंतर
ती माझ्यासमोर लाजली.
मी वही मिटली आणि म्हटलं, सूप निवतंय.

यंदा सहाच्या झाडांची पाळी.
दरीकडच्या उतारावर एक होतं, जाडजूड, माझ्या आवडीचं.
वाजवलं. मुकं.
पुन्हा, जरा वर. मुकं.
भाचा कुऱ्हाड सरसावून उभा.
म्हटलं, राहू दे. पुढच्या साली बघू.
तो म्हणाला, मालक विचारेल.
विचारू दे.

गाडीत परतताना हेच डोक्यात घोळत होतं,
आणि किती सोपं वाटलं सगळं, जवळजवळ शिट्टी घातली.
मग फाट्यावर थांबावं लागलं, झुडपामागे,
थेंब थेंब, टाचा वर करून.
झाडाला हे नसतं. झाडाला बायको नसते.
झाड सोललं तर शेजारचं झाड
रात्रभर जागं राहून त्याचा श्वास मोजत नाही.
म्हणून ही उपमा मी डॉक्टरांना दिली नाही,
इदालिनालाही नाही.

मंगळवारी फोन करून सांगायचंय, काय ठरलं ते.
आज शनिवार. पहाटेचे तीन.
मी न्हाणीघरात उभा, दिवा न लावता, नळ किंचित सोडून.
भिंतीपलीकडून तिचा आवाज, अजिबात झोपेतला नाही :
"झालं?"
"होतंय," मी म्हणतो.