कळ

वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यात, मागच्या शेडमध्ये
मालकांनी नवा काटा बसवला.
सपाट काच, काचेवर उजळणारे आकडे,
दाबायचं काही नाही, नुसतं टेकायचं.
मी काटे दुरुस्त करतो, शिरोड्यापासून सावंतवाडीपर्यंत.
मला बोलावणं आलं, कारण चौदा बायका
यंत्राच्या लेखी कामावर आल्याच नव्हत्या.

पहिली उभी राहिली सत्यवती आरोलकर,
बिल्ला चारशे सोळा.
चारावर बोट ठेवलं. काही नाही.
पदराला पुसून ठेवलं, फुंकर मारून ठेवलं,
पालखीला लावतात तसं हळूच लावलं.
काच गप्प.
"ह्येका माजो हात कळणा नाय."

मला येतं तेवढं मी सांगितलं:
काचेखाली तांब्याची बारीक जाळी,
जाळीत थोडी वीज राखण करत बसलेली.
बोट जवळ आलं की ती चिमूटभर बोटाकडे झुकते.
ते झुकणं मोजायचं. एक आकडा ठरलेला असतो,
आम्ही त्याला उंबरठा म्हणतो.
त्याच्या अलीकडे राहिलं ते बोट नव्हे.

तिनं हात उलटा केला.
बावीस वर्षं टरफलाचा चीक,
वर राख, वर खोबरेल, पुन्हा चीक.
पेरांवरच्या रेषा कधीच गेलेल्या,
कातडी वाळत घातलेल्या सोलांसारखी काळी, जाड.
मी दुसरीकडे पाहिलं, स्क्रू शोधत.

उंबरठा चाळीस होता. पंचवीस केला.
मग बारा.
बाराला तिचा चार उजळला,
आणि शेडमधून कुणीतरी मस्करीत गाऱ्हाणं घातलं,
बा देवा म्हाराजा,
चाळीस गळ्यांनी उत्तर, व्हय म्हाराजा.

पहाटे वॉचमन धाकूचा फोन:
काट्यावर गिऱ्हा बसलाय, आपणच आकडे मारतोय.
रात्रभर खारा वारा सुटला होता,
काचेवर ओल, ओलीवर सात, सात, सात, तीन.
हजेरीत एक बाई जास्त निघाली,
बिल्ला सात हजार सातशे त्र्याहत्तर,
सोललेला गर शून्य किलो.
समुद्र येऊन कामाला लागला होता.
तिचा हात आणि ही हवा,
बारा आणि तेराच्या मध्ये मला जागा सापडेना.

उंबरठा परत चाळीसवर नेला.
सत्यवती बंदरावरून येत होती, पिशवीत दोन बांगडे.
माझ्याकडे बघितलं, काट्याकडे बघितलं,
एक बांगडा काढला आणि शेपटी टेकवली.
चार. एक. सहा.
लख्ख.

"मेल्या बांगड्याक वळखता," ती म्हणाली, "माका नाय."
लगेच कुणी हसलं नाही.

दुपारी भंगारातल्या जुन्या काट्याची बटणं काढली,
रॉकेलनं धुतली, काचेच्या बाजूला चार स्क्रूंवर बसवली.
मालक म्हणाले, शोभा गेली.
गंजलेली पट्टी एका दाबाला दोनदा उडायची,
एक चार, दोन चार व्हायचे.
म्हणून यंत्राला थांबायला शिकवलं,
वीस मिलिसेकंद,
पट्टीचं थरथरणं संपेपर्यंत काही धरू नकोस.

चौदाजणी रांगेत आल्या.
सत्यवतीनं अंगठ्यानं दाबलं, सगळं वजन टाकून,
बटण खाली गेलं, टक्क म्हणालं, वर आलं.
तिनं पुन्हा एकदा दाबलं, उगाच.
मग खोडून, नीट, चारशे सोळा.
सहा किलो तीनशे.

मी हत्यारं भरत होतो.
"बांगडो दी माजो," ती म्हणाली,
"थंय काट्यार रवलो. कालवणाक व्हयो."